मागीलदारची शबय

आमचे शेजारी दाजी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. समोर जिल्हाधिकारी येवोत की जावई, ते त्याच्या पायांकडे बघून बोलतात. नवख्या माणसाला वाटतं, आपलं काहीतरी खाली पडलंय. तो वाकून शोधायला लागतो आणि दाजी त्याला शोधू देतात.

याला कारण आहे. मालवणच्या बाजारात दाजींचं चपलांचं दुकान होतं. लाकडी स्टुलावर बसून लोकांचे पाय मांडीवर घेण्यात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाईक वरून म्हणायचं, "आठ नंबर द्या," आणि खाली पाय असायचा नऊचा. असं वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा दाजींचा माणसाच्या तोंडावरचा विश्वासच उडाला. "तोंड खोटा बोलता, पाय खोटा बोलणा नाय," हे ते इतक्या वेळा सांगतात की वाडीतली पोरं ते पाढ्यांच्या चालीवर म्हणतात.

मी दोडामार्गाकडची. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा घरोघर पाया पडायला नेलं. बाकीच्या घरांत लोकांनी माझं नाक, रंग, केस यांवर आपापसांत मतं दिली आणि मला आशीर्वाद दिला. दाजींच्या पाया पडून उठले तर ते म्हणाले, "सहा नंबर. डावो पाय जरासो मोठो आसा. चप्पल घेताना आदी डाव्या पायात घालून बघ." बस्स. हाच आशीर्वाद. मला भयंकर राग आला होता. पुढे त्यांचं ऐकल्यापासून चपला चावायच्या थांबल्या, पण राग बरीच वर्षं टिकला.

दाजींना लग्नाचे फोटो दाखवण्यात अर्थ नसतो. कमरेपासून वरचा फोटो असेल तर ते म्हणतात, "ह्यो अर्धो आसा," आणि पान उलटतात. मुंबईचा त्यांचा पुतण्या व्हिडिओ कॉल करतो तेव्हा पाच-दहा मिनिटं बिचारा मोबाईल खाली धरून बसलेला असतो. तिकडून आवाज येतो, "दाजी, आता वर घेऊ?" आणि इकडून दाजी म्हणतात, "रव जरा. डाव्या करंगळेक काय लागला?"

करोना आला आणि सगळ्यांनी तोंडं बांधली तेव्हा आख्खी वाडी गोंधळली. रेशन दुकानासमोर मी एका बाईशी माझ्या जावेबद्दल भरपूर बोलले आणि ती जाऊच निघाली. दाजींना मात्र काही फरक पडला नाही. उलट जगातला एक फालतू भाग झाकला गेला, असंच त्यांना वाटत असावं. ताप तपासायला आरोग्य खात्याचा एक मुलगा आला होता. वर चंद्रावर जायचा पोशाख आणि खाली रबरी चप्पल. दाजी पडवीतूनच म्हणाले, "अरे, तू मसुऱ्याचो मा? आंगणेवाडीच्या जत्रेक म्हणान तुझ्या बापाशीन माझ्याकडसून तुका सँडल घेतल्यान. पाय अजून तसोच चपटो आसा." त्या मुलाच्या चष्म्यावर आतून वाफ धरली. तो ताप न बघताच पुढच्या घरी गेला.

दाजींची बायको माई. दाजी तिला बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मुलीकडची माणसं म्हणाली, किती संस्कारी मुलगा, डोळा वर करून बघत नाही! मुलगा पाय बघत होता. पसंती कळवली ती त्याच बैठकीत. ही गोष्ट माई स्वतः सांगायची आणि वर म्हणायची, "माझे पाय बघून ह्येंनी लगीन केल्यानी. मगे ते झाकून कशाक ठेवू?" चपलांच्या दुकानदाराची ही बायको जन्मभर अनवाणी फिरली. मागीलदारी, म्हणजे घराच्या मागच्या अंगणात, पायरीला कोबा केला तेव्हा सिमेंट ओलं असतानाच माई त्यावरून विहिरीवर गेली. गवंडी थापी घेऊन बुजवायला धावला. दाजी त्याच्यावर ओरडले आणि माईवरही ओरडले. बुजवू मात्र दिलं नाही. तिच्या उजव्या पायाचा ठसा त्या पायरीवर अजून आहे.

आता शिमग्याकडे यायला हवं, कारण दाजींचं खरं रूप वाडीला वर्षातून एकदा तेव्हाच दिसायचं.

आमच्याकडे शिमग्यात पोरं सोंगं घेऊन घरोघर फिरतात. अंगणात येऊन "शबय, शबय" म्हणून ओरडतात आणि घरातला माणूस त्यांच्या हातावर काहीतरी ठेवतो. सुटे पैसे, लाडू, खाजं, काय असेल ते. तीच शबय. तोंडाला काजळी फासलेला पोरगा आपल्या सख्ख्या मामीच्या दारात उभा राहिला तरी मामीने "बाई बाई, कोण रे ह्यो?" म्हणायचं, असा रिवाज. सगळी घरं हा रिवाज पाळत. दाजी पाळत नसत. दाजींचा नियम होता, सोंग ओळखलं तर शबय नाही.

आणि दाजी ओळखायचेच. पोरगं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आलं की ते पडवीच्या खांबाला टेकून खाली बघायचे आणि दणक्यात म्हणायचे, "वळाखलंय! सुताराचो मधलो! चालू पड!" पोरांनी काय काय करून पाहिलं. चपलांची अदलाबदल केली. पाय चिखलात बुडवून आणले. आजीच्या लुगड्यातून दोघं एकदम आले, तर दाजी म्हणाले, "चार पाय आसत. दोगांयक वळाखलंय." एक जण हातांवर चालत आला. त्याचे पाय उलट डोळ्यांसमोरच आल्यामुळे दाजींचं काम आणखी सोपं झालं. वाडीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, मोठेपणी काय करणार? पायलट, डॉक्टर नंतर. आधी दाजींना फसवणार.

"चालू पड" ऐकून पोरगं हिरमुसलं की ते घरी जात नसे. दाजींच्या घराच्या कडेने बुटक्या दगडी गडग्याला लागून एक पाणंद जाते, त्या पाणंदीने ते गुपचूप मागीलदारी जायचं. तिथे माई उभी असायची. ती पायांकडे कधी बघत नसे. सोंगाच्या हातावर मूठभर खाजं ठेवायची, हनुवटीला हात लावायची आणि पुढच्या दाराकडे मान वळवून हळूच म्हणायची, "दाजींका सांगू नको हां." सबंध वाडी हे जाणून होती. फक्त दाजींना पत्ता नाही, असं सगळे समजत होते. माझी लेक सई चालायला लागल्यावर पहिल्या शिमग्यात दाजींच्या पुढच्या दारात रडली आणि मागच्या दारात हसली. मी तेव्हा म्हटलं, या घरात एवढं एकच माणूस शहाणं आहे.

करोनाच्या पहिल्या वर्षी पावसाळा सरता सरता माई गेली. करोनाने नव्हे, हृदयाने. पण दिवस करोनाचे होते. मोजकी माणसं स्मशानात गेली. एरवी आमच्याकडे माणूस गेलं की घर भरतं, बायका येऊन बसतात, कुणी बोलतं, कुणी नुसतंच बसतं. माईच्या वेळी कुणी कुणाच्या पडवीत बसत नव्हतं. आम्ही जेवणाचे डबे दाजींच्या बेड्यावर, म्हणजे फाटकाच्या जागी असलेल्या आडव्या बांबूंवर टांगून यायचो आणि लांबून हात जोडायचो. दाजी पडवीतून आमच्या पायांकडे बघून मान हलवायचे. बाराव्यानंतर त्यांनी त्या बांबूंवरून काथ्याची एक दोरी बांधली. वाडीतले निर्बंध उठले तरी ती दोरी तशीच राहिली. मला ती दोरी बघून वाईट वाटायचं, आणि आपण सोडायला सांगावी तर तोंड उघडत नसे.

पुढच्या वर्षीचा शिमगा जवळ आला. मी मालवणच्या एका पतपेढीत कारकून आहे. एक दिवस दाजींनी मला बेड्यावर थांबवलं आणि माझ्या चपलांना सांगितलं, "मालवणसून येताना खाजा घेवन ये. बरासा घेवन ये." म्हातारपणी जीभ चळते म्हणतात. मी चांगलं आलं घातलेलं, गुळाचं खाजं आणून दोरीवर अडकवून ठेवलं.

त्याच सुमारास रोग पुन्हा वाढू लागला आणि देवळाच्या मांडावर, म्हणजे सणासुदीला जमायच्या पटांगणात, वाडीची सभा भरली. सगळे एकमेकांपासून लांब लांब बसले होते, त्यामुळे प्रत्येकाला ओरडून बोलावं लागत होतं आणि साधी गोष्टही भांडणासारखी वाटत होती. बाबी आमच्या वाडीचा प्रमुख. समुद्रावर त्याच्या पर्यटकांसाठीच्या चार खोल्या आहेत. तो म्हणाला, "देवाची होळी थोड्या माणसांत घालू. ता ठरला. पण पोरांच्या सोंगांचा काय? पोरांनी शबय मागूक घरोघर फिराचा की नाय?"

मी उठले. "पोरां वर्सभर घरात कोंडलेली आसत. शाळा मोबायलार आणि रेंज फणसार. एक दिवस फिरली तर काय होतला? बाबी, तुझ्याकडे पुण्याचे टुरिस्ट येतत, सुरमई खातत, समुद्रात बुडक्यो मारतत. तेंका कोरोना नाय आणि आमच्या पोरांका आसा?"

"टुरिस्ट बुकिंग करून येतत," बाबी म्हणाला.

माणसं हसली असावीत. तोंडं झाकलेली असल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मग बाबी जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तसा नाय गो वैनी. माझी आवस दम्याची. सोंग इला की ती पयली भायर येता. तिका कोण आवरतलो?" मी खाली बसले. त्याची आई खरंच पहिली बाहेर येते, आणि प्रत्येक पोराचा मुका घेते. कुणी सुचवलं की पोरांनी अंगणात न येता रस्त्यावरूनच सोंग दाखवावं, शबय कुणी मागू नये, कुणी देऊ नये. हे बऱ्याच जणांना पटत चाललं होतं.

तेवढ्यात मांडाच्या टोकाला बसलेले दाजी उठले. सभेत ते कधी बोलत नसत. "पोरां येवची नायत," ते म्हणाले. "रस्त्यारसूनय नको नि खंयसूनय नको. माझ्या बेड्यार एक पाय दिसाक नको माका."

बाबी चिडला. "दाजीनू, माई गेली म्हणान तुमच्याकडे यंदा सण नायच. बाकीच्यांका कित्याक अडवतास?"

दाजींनी बाबीच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "तुझे बूट तुका घट्ट होतत," एवढंच म्हणाले आणि घरी निघून गेले. त्यानंतर कुणाला वाद घालायची हौस राहिली नाही. यंदा घरोघर सोंगं नाहीत, शबय नाही, असं ठरलं.

हे ऐकून सई जमिनीवर आडवी झाली आणि बराच वेळ उठली नाही. तिचं म्हणणं मला पुरेपूर कळत होतं. वर्षभर तिने एकच गोष्ट डोक्यात घोळवली होती. पायांचं सोंग करायचं नाही, पाय दिसूच द्यायचे नाहीत. जुन्या गोणपाटाला भाताचा पेंढा बांधून तिने सोंग केलं होतं. डोक्यापासून थेट जमिनीपर्यंत गवतच गवत, आत माणूस आहे याची शंका येऊ नये. शेतातली पेंढ्याची उडवी चालत यावी तसं. हे सोंग दाजींना दाखवायचं नाही तर कुणाला?

मला दाजींचा मनस्वी राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तडक त्यांच्या बेड्यावर गेले. ते पडवीत नारळाचा काथ्या वळत बसले होते. मला, म्हणजे माझ्या पायांना बघून खळ्यात आले आणि दोरीच्या आत लांब उभे राहिले.

"दाजीनू, एक विचारू?"

"विचार. पण चप्पल बदल. हिचो अंगठो तुटाक इलो हा."

"पोरांवर इतको राग कित्याक? रस्त्यार उभी रवली आसती तर तुमचा काय जाणार हुता? तुमी रोगाक भियाणारे नाय, माका म्हाइत आसा."

"भियालंय," दाजी म्हणाले. "पण रोगाक नाय."

"मगे?"

"पोरगा सोंग घेवन इला की मी काय म्हणतंय?"

"वळाखलंय, चालू पड."

"आनी तसा म्हटलंय की पोरगा खंय जाता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मास्क होता म्हणून बरं.

"मागीलदारी जाता," दाजींनीच सांगितलं. "यंदा मागीलदारी कोण आसा?"

खळ्यात सोललेल्या नारळांची सोडणं पडली होती. दाजी ती पायाने एका बाजूला लोटू लागले. मी विचारलं, "तुमका ता ठावक हुता?"

"खाजा बाजारातसून कोण घेवन येय हुतो? ती कदी मालवणाक गेल्ली?"

म्हणजे वाडीत ज्याला पत्ता नव्हता असा माणूस दाजी नव्हते. ते आम्ही बाकीचे होतो. मी म्हटलं, "मगे यंदा वळाखलंय म्हणू नकात. पुढच्याच दारार देवन टाका."

दाजी दुखावले. "वळाखलंय आनी देवू? पोरांका मगे मजा काय? सगळ्या घरांत गावताच. नाय म्हणणारो वाडीत मी एकटोच." मग सोडणांकडे बघत म्हणाले, "पण नाय म्हणूक मागे कोणतरी व्हया गो. एकट्यान जमणा नाय."

मी घरी आले. कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही, कारण आल्या आल्या मी चपलेचा अंगठा शिवायला बसले होते.

शिमग्याच्या दिवशी वाडी चमत्कारिक गप्प होती. दुपारी सई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आये, माका शबय नको. मी खळ्यात जावचंय नाय. फक्त रस्त्यार उभी रवतंय. ते वळखतत काय तेवढा बघूचा आसा." रस्ता सरकारचा, सभेत खळ्यांचं ठरलं, रस्त्याचं नाही, असा तिचा मुद्दा होता. दाजींनी रस्त्याचंही सांगितलं होतं, पण दाजी म्हणजे सभा नव्हे. मी तिला आतून मास्क लावायला लावला, स्वतःही लावला आणि बरोबर निघाले. नियम मोडायचाच तर मोठं माणूस सोबत असावं.

सईची उडवी रस्त्याने सरकत चालली. मागून शेजाऱ्यांचं एक वासरू तिचं सोंग खात येत होतं. त्याला हाकलत हाकलत मी दोन-चार पावलं मागे राहिले. दाजींच्या बेड्यासमोर सई थांबली आणि पुरुषी आवाज काढून ओरडली, "शबय! शबय!"

दाजी पडवीत आले. सवयीप्रमाणे खाली बघितलं. खाली गवत होतं.

ते पायऱ्या उतरून खळ्याच्या मध्यापर्यंत आले. "दोन पावला चाल," म्हणाले. उडवी दोन पावलं सरकली. पाय दिसला नाही. "उडी मार." उडवीने उडी मारली. पेंढा थोडा झडला, पाय दिसला नाही. दाजींनी मान इकडून वाकडी केली, तिकडून वाकडी केली. आणि मग इतक्या वर्षांत मी कधी न पाहिलेली गोष्ट घडली. त्यांनी नजर वर उचलली. जिथे तोंड असायला हवं तिथे बघितलं. तिथेही गवतच होतं.

सई जिंकली होती. मला वाटतं, दाजींनाही ते हवंच होतं. सोंग ओळखता आलं नाही तर पुढच्या दारात शबय द्यायला त्यांच्याच नियमाने त्यांना मोकळीक होती. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्यासारख्या दिसल्या.

पण माणसाची नजर एका जागी कुठे राहते! उडवीवरून ती घसरली आणि रस्त्यावरून मागे मागे आली. मी पाय वासराआड घेतला, पण उशीर झाला होता.

"मागे सहा नंबर उबी आसा!" दाजी गरजले. "डावो मोठो! चप्पल शिवलेली! ही सईची आवस, म्हणजे ह्या गवात सईचा! वळाखलंय! चालू पड!"

आवाज वाडीभर घुमला. दोन-तीन घरांच्या खिडक्यांत पोरांची डोकी दिसली. अगदी दर वर्षीचा आवाज होता. आणि तो निघून गेल्यावर दाजी तसेच उभे राहिले, हात वर केलेला, तोंड अर्धवट उघडं. जे होऊ नये म्हणून ते सभेत भांडले होते, तेच त्यांनी करून ठेवलं होतं.

"आये, तू कित्याक इलंस!" सई माझ्यावर किंचाळली. पाय आपटले असतील तर ते दिसले नाहीत. ती तरातरा चालायला लागली. घराकडे नाही. गडग्याच्या कडेने, पाणंदीने, मागीलदारी. तिने ठरवून काही केलं नव्हतं. "चालू पड" ऐकलं की इकडे वळायचं, हे तिच्या पायांना चालायला लागल्यापासून माहीत होतं.

"सई, खंय जातंस?" मी हाक मारली. ती पुढे गेली होती. वळून बघितलं तर खळं रिकामं. घरात स्टूल पडल्याचा आवाज आला, मग डब्याच्या झाकणाचा.

मी पाणंदीने मागे गेले. सई गडग्याला लागून उभी होती, अगदी दर वर्षीच्या जागी. समोर मागचं दार बंद होतं. आता तिला आठवलं असावं. उडवीतलं एक पातंही हलत नव्हतं. मी तिला जवळ घ्यायला निघाले, तोच दाराची कडी आतून खडखडली. ती बरेच महिने काढलेली नसावी. दोन-तीन दणके बसले आणि दार उघडलं.

दाजी धापा टाकत बाहेर आले. हातात डबा. पायरीवर माईच्या पावलाचा ठसा होता, तो चुकवून ते कडेला उभे राहिले. गडग्यापाशी आले नाहीत, लांबच विहिरीशी थांबले. विहिरीपासून गडग्यापर्यंत पोफळीच्या खोडाची पन्हळ आहे, झाडांना पाणी सोडायची. दाजींनी वर्तमानपत्रात खाजं बांधलं, पुडी पन्हळीत ठेवली आणि ढकलून दिली. पुडी अर्ध्या वाटेत अडकली. त्यांनी पन्हळ हलवली, पुडी हलली नाही. मग माडाचा एक झाप उचलून तिला मागून ढोसलं, तेव्हा ती घसरत खाली आली. गवतातून सईचा हात बाहेर आला आणि पुडी घेऊन आत गेला.

दाजींनी पुढच्या दाराकडे मान वळवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "दाजींका सांगू नको हां."

गवत सळसळलं. मग आतून आवाज आला, "सांगूचंय नाय."

दाजींनी मान डोलावली आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघी पाणंदीने परत रस्त्यावर आलो. सई गवताच्या आत खाजं चावत होती, वासरू बाहेरून गवत चावत होतं, आणि मी डोळे पुसत होते. दाजींच्या बेड्यासमोर पोचलो तर ते पुढच्या पडवीत खांबाला टेकून उभे होते. अजून धाप लागलेली होती. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि खिडक्यांतल्या पोरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अजून हयच? चालू पड!"